ग्रंथाला हार नको, वाचक हवा!

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ग्रंथप्रेम हा आपल्या जयंतीच्या व्यासपीठावरील हुकमी विषय आहे. वक्ता कोणीही असो, मुंबईहून पाहुणा म्हणून आलेला असो वा अल वक्राच्याच एखाद्या कंपनीत दिवसभर राबून सायंकाळी माईकसमोर उभा राहिलेला आपला बांधव असो, तो 'राजगृहा'चे नाव घेतो, पन्नास हजार ग्रंथांचा आकडा उच्चारतो आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. टाळ्या वाजविणाऱ्या समस्त बंधुभगिनींना आमचा एक साधा प्रश्न आहे. त्या पन्नास हजारांपैकी पाच ग्रंथांची नावे आपणांस सांगता येतील काय? ते ग्रंथ आज कोणत्या वास्तूंत आहेत, हे आपल्या घरातील मुलांना ठाऊक आहे काय? आकडा तोंडपाठ आहे आणि ग्रंथ मात्र अनोळखी आहे, अशी ही विचित्र अवस्था आहे.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्यास तसेच कारण घडले आहे. मंडळाच्या वर्गणीतून जी शिल्लक उरते तिचा विनियोग कसा करावा, याविषयी यंदा दोन मते पुढे आली. बहुसंख्य बांधवांचे मत असे पडले, की गावाकडे आणखी एक पूर्णाकृती पुतळा आणि प्रवेशकमान उभारावी. थोड्यांचे मत असे, की हा पैसा ग्रंथांवर, त्यांच्या जतनावर आणि वाचकांवर खर्च व्हावा. आम्ही त्या थोड्यांपैकी आहोत, आणि त्याचा आम्हांस यत्किंचितही संकोच वाटत नाही. ज्यांच्या नावाने आपण एकत्र येतो, त्या महामानवाने आयुष्याचा फार मोठा काळ अल्पमतात राहूनच झुंज दिली. म्हणून आमची बाजू आम्ही येथे सविस्तर मांडीत आहोत.

ग्रंथांसाठी बांधलेले घर

शालेय वयातील भीमरावाच्या पुस्तकांसाठी सुभेदार रामजी आपल्या विवाहित मुलींकडून दागिने मागून आणीत आणि ते गहाण ठेवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक उत्तीर्ण झाला तेव्हा त्याच्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. केळूसकरांनी या मुलाला चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसलेला पाहिला होता. विचार करा, १९५६ च्या नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेवरचे पहिले पाऊल कोणते? एका शिक्षकाने एका वाचणाऱ्या मुलाला दिलेले एक पुस्तक!

पुढे १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार जुने ग्रंथ विकत घेतले. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान व ग्रंथ ज्या बोटीने पाठविले होते, ती बोट महायुद्धात जर्मन पाणबुडीने बुडविली. दुसरा कोणी असता तर त्याने ग्रंथांचा नाद सोडून दिला असता. बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या भव्य घुमटाखालील वाचनकक्षात सकाळी सर्वांत आधी शिरावयाचे आणि दारे बंद होताना सर्वांत शेवटी बाहेर पडावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातही त्यांनी अभ्यास केला. मायदेशी आल्यावर त्यांनी पुन्हा ग्रंथ जमविले.

परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत हा संसार आणि हा संग्रह मावेनासा झाला, तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधावयास घेतले. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते उभे राहिले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे, बिंबिसाराच्या नगरीचे नाव त्यांनी या घरास दिले. येवल्याची घोषणा १९३५ ची. परंतु घराच्या पाटीवर बुद्धकालीन नगरीचे नाव त्याआधीच झळकले होते. कुटुंबाने खाली राहावे आणि ग्रंथांनी वरचा मजला व्यापावा, अशी या वास्तूची योजना होती. माणसांना पायथा आणि ग्रंथांना माथा! इमारतीची रचना पाहिली की मालकाच्या मनात कोणाला मानाचे स्थान आहे ते कळते. बाबासाहेबांची 'चार मिनार' नावाची दुसरी वास्तूही होती. कर्जाचा आणि ग्रंथखरेदीचा भार हलका करण्यासाठी ती त्यांनी १९४१ साली विकली. राजगृह मात्र त्यांनी राखले.

हे घर आपल्या अश्रूंचेही आहे. २७ मे १९३५ रोजी माता रमाईंचे निधन याच घरात झाले, आणि १९५६ च्या डिसेंबरात दिल्लीहून आणलेला बाबासाहेबांचा पार्थिव देह अखेरच्या दर्शनासाठी याच घरी ठेवण्यात आला. तेव्हा या वास्तूपुढे कोणाचे मस्तक नम्र होत असेल, तर ते योग्यच आहे. आमचा आक्षेप नम्र होण्याला नाही. नम्र झालेले मस्तक पुन्हा वर उठून ग्रंथाच्या पानाकडे वळत नाही, या गोष्टीला आहे.

कारण खुद्द बाबासाहेबांनी हा संग्रह स्वतःच्या घरात कोंडून ठेवला नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, १९५० साली औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरास) महाविद्यालय निघाले आणि पुढे ते 'मिलिंद' या नावाने प्रसिद्धीस आले. आपल्या ग्रंथांचा मोठा भाग बाबासाहेबांनी या महाविद्यालयांस दिला. ज्या ग्रंथांसाठी घर बांधले, त्या ग्रंथांना त्यांनी घराबाहेर काढून विद्यार्थ्यांच्या हाती सोपविले! 'मिलिंद' हे नावही बोलके आहे. भदंत नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणाऱ्या राजाचे ते नाव. प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाने महाविद्यालय काढणाऱ्या पुरुषाचे आपण अनुयायी; आणि आपल्याच सभांत प्रश्न विचारणाऱ्यास खाली बसविले जाते, हे कसे?

धातू आणि ग्रंथ यांतील भेद

आपल्यातील काही श्रद्धावान मंडळी म्हणतात, बाबासाहेबांचा हस्तस्पर्श लाभलेले ग्रंथ म्हणजे पवित्र धातूच होत. त्यांना कोणी हात लावू नये, काचेआड ठेवावे आणि वर्षातून एकदा दर्शन घ्यावे. या मताचा आम्ही सरळ विरोध करतो.

मुंबईतच एक ऐतिहासिक ग्रंथालय आहे. १८०४ साली स्थापन झालेल्या संस्थेतून वाढलेली आजची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई. फोर्टमधील १८३३ साली पूर्ण झालेल्या टाउन हॉलमध्ये ती आहे. त्या प्रशस्त दगडी पायऱ्या, ते उंच स्तंभ सर्वांनी निदान चित्रपटांत तरी पाहिले आहेत. दान्तेच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रत तेथे आहे, हे वृत्तपत्रे अधूनमधून सांगतात. परंतु बौद्धांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेला करंडकही त्याच वास्तूत आहे. एकात एक ठेवलेल्या डब्या, बुद्धमूर्ती आणि तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे असा तो ठेवा आहे.

आता एकाच छपराखालच्या या दोन वस्तूंचा विचार करा. करंडक बंद राहण्यासाठीच घडविलेला असतो. शतकानुशतके तो स्तूपाच्या पोटात राहिला, यात त्याचे सार्थक झाले. त्याच छपराखालील ग्रंथ जर बंद राहिला तर तो वाया गेला, असेच म्हणावे लागेल. धातूला वंदन हवे, ग्रंथाला वाचन हवे. एकाचा नियम दुसऱ्यास लावला की दोहोंचाही अपमान होतो. बाबासाहेबांचे ग्रंथ हे वापरलेले ग्रंथ आहेत. त्यांनी त्यांत रेघा ओढल्या, समासांत खुणा केल्या, लेखकांशी वाद घातला. ज्या ग्रंथांशी बाबासाहेब भांडले त्यांच्यापुढे आपण मुकाट्याने अगरबत्ती लावून बसावे काय?

नालंदेचा विसरलेला धडा

नालंदेच्या ग्रंथालयाच्या विध्वंसाची कथा आपल्या प्रत्येक स्मरणिकेत येते. विध्वंसकांचा धिक्कार झालाच पाहिजे. परंतु धिक्काराच्या भरात अर्धी कथा सांगावयाची राहून जाते. नालंदेची विद्या संपूर्ण नष्ट का झाली नाही? सातव्या शतकात ह्युएन त्संग नावाचा चिनी भिक्षू तेथे येऊन शिकला आणि जाताना भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन गेला. उरलेले आयुष्य त्याने त्यांच्या भाषांतरात वेचले. त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर चीन, तिबेट, कोरिया येथील कितीतरी भिक्षूंनी ग्रंथ उतरवून घेतले, पाठीवर वाहून नेले. भारतात जे लयास गेले त्यातील पुष्कळसे चिनी व तिबेटी भाषांतरांत शिल्लक राहिले. प्रत्येक भिंत कधी ना कधी पडते. दूर देशी गेलेली प्रत तेवढी उरते. ग्रंथ जितक्या हातांत जातो तितका तो सुरक्षित होतो, हा नालंदेचा खरा धडा आहे. आणि हा धडा परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्या उपासकांना विशेष लागू आहे. आपणही मायदेशातून दूर आलो. येताना आपण काय वाहून आणले, याचा जबाब कधीतरी द्यावाच लागेल.

कुंड्या फोडणारा दिसतो, कसर दिसत नाही

७ जुलै २०२० रोजी समाजकंटकांनी राजगृहाच्या आवारात शिरून कुंड्या, काचा आणि कॅमेऱ्यांची मोडतोड केली. काही तासांत महाराष्ट्रभर संतापाची लाट उसळली. करोनाच्या त्या बंदिस्त दिवसांतही आखातातून निषेधाचे संदेश गेले. तो संताप न्याय्य होता. त्याबद्दल आमचे दुमत नाही.

परंतु मुंबईच्या पावसाळ्यात दरवर्षी हवेत जी ओल भरते, जुन्या कागदाला जी कसर आणि वाळवी लागते, बांधणी सैल होऊन पाने जी निसटतात, त्यांचा निषेध कोणी करावयाचा? कुंडी फोडणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यात सापडतो. कसरीला चेहरा नसतो, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. शत्रू दिसला की आपण एकवटतो. शत्रू म्हणजे केवळ हलगर्जीपणा असला की आपण सतरंज्या गुंडाळून घरी जातो.

याची जबर किंमत एकदा मोजली गेली आहे. दिल्लीतील २६, अलीपूर रोड या निवासस्थानी बाबासाहेबांच्या पश्चात राहिलेली कागदपत्रे १९६७ च्या जानेवारीत घर रिकामे करविले जात असताना उघड्यावर पडली आणि पावसात भिजून नष्ट झाली. बाबासाहेबांचे निष्ठावंत सहकारी नानकचंद रत्तू यांनी ही कहाणी आठवणींत लिहून ठेवली आहे. त्या ढिगात काय काय होते हे आता कोणीही, कितीही पैसा ओतला तरी सांगू शकणार नाही. जे वाचले त्यातून महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंड प्रसिद्ध केले. वसंत मून यांनी त्यासाठी आपले आयुष्य झिजविले. पुढे हे काम इतके रखडले, की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयास स्वतःहून दखल घ्यावी लागली. न्यायालयाला जाग आली. समाजाला का आली नाही? मतांच्या बेरजेसाठी पुतळ्याचे अनावरण करावयास येणारा पुढारी खंडांच्या छपाईसाठी कधी उपोषणास बसल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आणि वाचणारे वाचीत आहेत! स्कॉट स्ट्राउड नावाचे अमेरिकन प्राध्यापक आहेत. कोलंबिया विद्यापीठातील बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्युई यांचे जे ग्रंथ बाबासाहेबांच्या संग्रहात होते, त्यांतील रेघा आणि समासांतील खुणा त्यांनी मुंबईत येऊन पानापानाने तपासल्या आणि त्या आधारावर २०२३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरूचे कोणते म्हणणे शिष्याने उचलले, कोणते टाकले, १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते कसे उतरले, याचा शोध त्या खुणांतून लागतो. बाबासाहेबांचे मन जेथे प्रत्यक्ष काम करताना दिसते ती जागा म्हणजे हे समास. सातासमुद्रापलीकडचा एक परका विद्वान ते वाचावयास येतो, याचा आम्हांस आनंद आहे. पण बापाने लिहिलेल्या चिठ्ठ्या शेजाऱ्याने वाचून सांगाव्यात आणि लेकरांनी फक्त बापाच्या तसबिरीला हार घालावा, हे आपल्या कुळास शोभते काय?

आपल्या दाराशी असलेले उदाहरण

बांधवहो, हे सर्व आम्ही अल वक्रा येथे बसून लिहीत आहोत. एके काळी मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचे हे गाव. आज त्याची ओळख शिडांच्या आकाराच्या क्रीडागारामुळे आणि किनाऱ्यावरच्या जुन्या धाटणीच्या बाजारामुळे जगाला झाली आहे. येथून लाल मार्गाची मेट्रो पकडावी, मुशैरिबला उतरून हिरव्या मार्गावर गाडी बदलावी, की पुढे एका स्थानकाचे नावच मुळी 'कतार नॅशनल लायब्ररी' असे आहे. आम्ही ज्या देशाच्या अन्नावर राहतो त्या देशाने ग्रंथालयाला एवढा मान दिला आहे, की रेल्वेचे स्थानक त्याच्या नावाने ओळखावे.

रेम कूलहास या डच वास्तुकाराच्या संस्थेने आखलेली ही इमारत २०१७ च्या अखेरीस वाचकांसाठी खुली झाली आणि एप्रिल २०१८ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. आत पाऊल टाकताच सबंध ग्रंथालय एका नजरेत सामावते. जमिनीच्या कडा उचलाव्यात तसे मजले वर चढत जातात आणि त्यांवर ग्रंथांच्या ओळी पायऱ्यांप्रमाणे उभ्या आहेत. वाचकाने स्वतः जावे, स्वतःच्या हाताने ग्रंथ काढावा. अगदी मधोमध, सुमारे सहा मीटर खोल, दगडी भिंतींच्या दालनांत दुर्मीळ हस्तलिखिते, नकाशे आणि जुने ग्रंथ ठेवले आहेत. एखाद्या उत्खननात प्राचीन नगर उघडे पडावे तसे. दुर्मीळ ग्रंथ अडगळीच्या माळ्यावर टाकलेले नाहीत, इमारतीच्या काळजापाशी ठेवले आहेत. येथील रहिवाशांना सभासदत्व विनामूल्य आहे. मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. याच ग्रंथालयाने ब्रिटिश लायब्ररीच्या सहकार्याने इंडिया ऑफिसच्या दप्तरांतील आखातविषयक कागदपत्रांची छायाचित्रे घेऊन २०१४ पासून ती जगाला विनामूल्य खुली केली आहेत. ज्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बाबासाहेब अभ्यासास जात, त्याच कचेरीचे हे दप्तर! १८७३ पर्यंत आखाताचा ब्रिटिश कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली चालत असे, त्यामुळे या कागदांत मुंबईचे नाव जागोजागी भेटते. एक छोटा देश आपल्या इतिहासाचा कागद लंडनच्या कपाटातून काढून जगापुढे ठेवतो. आपण आपल्या उद्धारकर्त्याच्या ग्रंथांसाठी तेवढे करू शकत नाही काय? या देशाकडे तेलवायूची संपत्ती आहे, आपण चाकरमाने आहोत, हे खरे. परंतु पुतळा आणि कमान यांचा खर्च काढताना आपली गरिबी आड येत नाही. ती ग्रंथांच्या वेळीच कशी आठवते?

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा, की पुतळा हे स्वाभिमानाचे प्रतीक आहे आणि त्यास विरोध करणारे मनुवाद्यांच्या सुरात सूर मिसळतात. आम्ही स्पष्ट सांगतो: ज्यांना गावच्या पाणवठ्यावर, चावडीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांनी चौकात बाबासाहेबांचा पुतळा उभारणे ही एक क्रांतीच होती. त्या पुतळ्यांसाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, रक्त सांडले आहे. पुतळ्याची टिंगल करणाऱ्यांच्या पंगतीस आम्ही कदापि बसणार नाही. परंतु ज्या गावात पुतळा आहे तेथे दुसरा, ज्या वाटेवर कमान आहे तेथे अधिक उंच कमान, ही क्रांती नव्हे. ही भावकीतील चढाओढ आहे. पुतळ्याच्या हातात ग्रंथ दिसतो, तो शिल्पकाराने शोभेसाठी दिलेला नाही.

दुसरा आक्षेप: आमच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, मग ग्रंथ कोणासाठी? हे कारण तर मुळीच टिकत नाही. आपली मुले येथील भारतीय शाळांत इंग्रजीतून शिकतात, आणि बाबासाहेबांच्या संग्रहात इंग्रजी ग्रंथ मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे स्वतःचे प्रमुख ग्रंथही इंग्रजीत आहेत. १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध येथील बारावीच्या मुलाने अवश्य चाळावा. ज्या रुपयाची त्यात चिकित्सा आहे तो रुपया कतारच्या बाजारांतही चालत असे. १९५९ पासून येथे खास आखाती रुपया आला आणि १९६६ साली तोही गेला. मुलाला आपल्या दोन्ही गावांचा धागा एका ग्रंथात सापडेल. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मात्र मराठीत आहेत, म्हणून मराठीही शिकविली पाहिजे. आणि ती शिकविण्याची जबाबदारी शाळेची नाही, आईबापांची आहे.

तिसरा आक्षेप: आता सर्व काही मोबाईलवर मिळते. मिळते, कारण कोणीतरी प्रत्येक पान उलटून त्याचे छायाचित्र काढले, त्याला क्रमांक दिला, नाव दिले. मोबाईल ग्रंथ निर्माण करीत नाही. ज्या पानाचे छायाचित्र कोणी काढलेच नाही, ते पान मोबाईलवर कोठून येणार?

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: समाजाला आधी भाकरी हवी, शिष्यवृत्ती हवी, ग्रंथालय ही चैन आहे. यावर बडोद्याचे उदाहरण पुरेसे आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली आपल्या संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची योजना सुरू केली, आणि १९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस गेले. शिष्यवृत्ती आणि ग्रंथालय ही एकाच दृष्टीची दोन अंगे आहेत. एकाला पोसण्यासाठी दुसऱ्याचा गळा दाबावा लागत नाही.

मग करावयाचे काय?

टीका करून मोकळे होण्यासाठी आम्ही हा लेख लिहिलेला नाही. आमचा ठराव असा आहे. पुढील तीन वर्षे मंडळाच्या निधीतून पुतळा, कमान, कटआऊट यांवर एक रियालही खर्च करू नये. ज्या संस्थांकडे बाबासाहेबांचे ग्रंथ आहेत त्यांना मंडळाने रीतसर पत्र लिहून एकेक निश्चित काम मागून घ्यावे: अमुक कपाटातील ग्रंथांची सूची, अमुक ग्रंथांची दुरुस्ती, अमुक पानांची छायाचित्रे. पैसा त्या कामासाठीच द्यावा, पावती घ्यावी, काम पाहावे आणि मग पुढील हप्ता द्यावा.

पैशाहून मोठी गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे आपला धंदा. आपल्यात किती तरी जण येथील कंपन्यांत डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. एका झडपेच्या नकाशाची जुनी आवृत्ती कोणती, नवी कोणती, तो कोणी नेला, केव्हा परत आणला, याची नोंद ते डोळ्यांत तेल घालून ठेवतात. कंपनीच्या झडपेला एवढी निगा, आणि बाबासाहेबांच्या हस्ताक्षराला नाही? आपल्यात एसी टेक्निशियन आहेत. पन्नास अंशांच्या उन्हाळ्यात परक्यांच्या इमारती थंड आणि कोरड्या राखण्याची विद्या त्यांच्या बोटांत आहे. ग्रंथांच्या खोलीतील ओल आटोक्यात ठेवणे त्यांना अवघड नाही. वार्षिक रजेतील तीन-चार दिवस प्रत्येकाने दिले तरी फार मोठे काम उभे राहील. हे धम्मदान रोख रकमेपेक्षा कमी प्रतीचे आहे, असे कोण म्हणेल?

येथे, अल वक्रामध्ये, प्रत्येक कुटुंबाने नॅशनल लायब्ररीचे सभासदत्व घ्यावे. महिन्यातून एका शुक्रवारी मुलांना तेथे न्यावे. हवा तो ग्रंथ तेथे नसेल तर त्याची मागणी नोंदवावी. घरोघरी होणाऱ्या वंदनेनंतर खीरदानापूर्वी अर्धा तास एका ग्रंथाचे वाचन आणि त्यावर प्रश्न, असा नियम करावा. प्रश्न विचारण्याचा पहिला मान मुलांचा. भगिनीवर्गाने यात पुढाकार घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे; आखातातील घरांत मुलांचा सायंकाळचा वेळ प्रत्यक्षात त्यांच्याच हाती असतो. आणि गावाकडे पैसा पाठवावयाचाच असेल तर अभ्यासिकेसाठी पाठवावा. पण तेथे बसणाऱ्या ग्रंथपालाच्या मासिक मानधनाची तजवीज आधी करावी. कुलूप उघडणारा माणूस नसेल तर पुस्तकांनी भरलेली खोली आणि भुसार मालाचे गोदाम यांत काही फरक उरत नाही.

धम्मबांधवांनो आणि भगिनींनो, ज्यांना अक्षर नाकारले गेले होते त्यांच्या घरात जन्मलेल्या एका पुरुषाने जगातील ज्ञान आपल्या छपराखाली आणून ठेवले आणि नंतर त्या छपराचे दार उघडून दिले. दार उघडून देणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी चोख केले. आत जाणे, कपाटातून ग्रंथ काढणे, त्यावरील धूळ झटकून पहिले पान उलटणे हे काम दुसऱ्या कोणीही आपल्यासाठी करणार नाही. मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध करावयाचा असेल त्यांनी खुशाल करावा, मात्र येताना एक तरी ग्रंथ वाचून यावे!

नमो बुद्धाय! जय भीम!